मेंढीचा वाटा

२४ जानेवारी १९९८, शनिवार

अक्षर वाकडं येतंय. माझं अक्षर असं नाही. लक्ष्मीपुरीत दुकानावरची 'शशिधर वजनकाटे दुरुस्ती' ही पाटी मी स्वतः रंगवलेली आहे, आणि लोक थांबून विचारतात, पेंटर कोण? पण परवापासून हात स्थिर राहत नाही.

घडलं ते नीट लिहून ठेवतो. धाकटा भाऊ शिवशरण इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. गुरुवारी पाळी सुटल्यावर बाजार करून सायकलीनं कोरोचीच्या खोलीकडे निघाला. दिवस मावळत होता. मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. ट्रक थांबला नाही. कोणीतरी टेम्पोत घालून इथं कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात आणलं. उजवा पाय गुडघ्याच्या खाली काढावा लागला. सही मी केली, कारण त्याची बायको गौरा भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिला 'इथं सही करा' हे शब्दच कळत नव्हते. केलेली सही माझी मलाच ओळखू येईना.

दिवसभर मागांमध्ये उभा राहणारा माणूस. जॉबरचं सगळं काम उभ्यानं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलला ते असं: "अण्णा, मेंढी सुटली का?" तापात माणूस काहीही बडबडतो. मी म्हटलं, "गप पड."

२ फेब्रुवारी १९९८

आज दुकान उघडलं. लक्ष्मीपुरी म्हणजे धान्याची पेठ, सकाळपासून ट्रक लागलेले. एवढी वर्षं तो आवाज मला ऐकूच येत नव्हता. आज एकानं मागं घेताना हॉर्न दिला आणि माझ्या हातातली वजनाची पेटी खाली पडली. पितळी वजनं घरंगळत गटारीपर्यंत. शेजारचा मीठवाला म्हणाला, "अण्णा, काय झालं?" मी म्हटलं, "घाम आलता हाताला." फेब्रुवारीत.

सोनाराचा काटा नीट करायला घेतला तर त्याची जीभ, म्हणजे दांडीवरची सुई, मधे ठरेना. काटा बरोबर होता. हलत होतो तो मी.

११ मार्च १९९८, बुधवार

शिवशरण आणि गौरा आता माझ्याकडेच. बायको महादेवी गेल्यापासून घर मोकळंच होतं. गौरा भाकरी चांगली करते पण बोलत नाही. शिवशरण छताकडे बघत पडून असतो. काल म्हणाला, "अण्णा, मला इथं आणाय नको हुतं, तिथंच ऱ्हायलो असतो तर सुटलो असतो." त्या वेळी मी त्याच्या अंगावर ओरडलो. पण सकाळी दुकानात जाताना दाढीचं पातं खिशात घालून घेऊन गेलो, आणि आता रोज नेतो.

कायद्याची माहिती मी करून घेतली आहे. सातवी शिकलो, पण इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून मोटार वाहन कायदा वाचून काढला. बऱ्याच वकिलांनी वाचला नसेल. नुकसानभरपाईचा दावा होतो, पैसे ट्रकच्या विमा कंपनीनं द्यायचे, पण ट्रक कोणता हे सिद्ध झालं पाहिजे. तिथंच घोडं अडलंय. फिर्यादीत 'अज्ञात वाहन' आहे. दोन दिवसांनी पोलिसांनी डावा दिवा फुटलेला एक ट्रक धरला, हातकणंगल्याकडच्या सयाजीराव नावाच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा. तो म्हणतो, दिवा आधीच फुटलेला, ट्रक त्या दिवशी शिरोली एमआयडीसीत उभा होता. हे टिकलं तर शिवशरणला कोणी काही देणं लागत नाही. जयपूरचा पाय नाही, दुकान नाही, काही नाही. आणि खिशातलं पातं मी जन्मभर नेऊ शकत नाही.

मोफत कायदे साहाय्यातून वकील मिळाल्या त्या संयोगिता वकीलबाई. वय माझ्या दुकानातल्या मोठ्या दांडीकाट्याहून कमी. मी कलम सांगायला लागलो तर हसून म्हणाल्या, "अण्णा, कलमं माझ्यावर सोडा. तुम्ही मला अपघात बघितलेला माणूस आणून द्या. आणि आणलात की त्याला काही शिकवायचं नाही."

शिकवायचं नाही म्हणे. मी कोण शिकवणारा, सातवी पास.

२९ मार्च १९९८, रविवार

माणूस मिळाला. कोरोचीच्या रस्त्याला चहाच्या गाड्यावर, टायरवाल्याकडे, उसाच्या रसवंतीवर, सगळीकडे विचारत हिंडलो. रसवंतीवाली म्हणाली, त्या सांजेला पिराजी धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती. तो पट्टणकोडोलीच्या अंगाला तळ ठोकून सापडला. काळा, काटकुळा, माझ्याच वयाचा, खांद्यावर घोंगडं.

मी नाव सांगितलं, शिवशरणचा थोरला भाऊ म्हटलं, तसा तो माझ्या पायाच पडला. आणि रडायला लागला. कोल्हापूरचा माणूस आपल्या तळावर चालत आला याचं खेडेगावात फार वाटतं. मी त्याला उठवलं.

म्हणालो, "ट्रक पाहिलास?"

"पायला की. पळून जाताना मागनं पायला. मागच्या फळीवर हरण काढलंतं. पण अण्णा, त्या पेंटरला हरण ठावं न्हाई. गुडघं सगळं मेंढराचं काढल्यात."

"नंबर?"

"आता माज्या बानं कुटं मला साळंत घातलं?"

हरणाचे गुडघे! न्यायालयात असलं चालत नाही. तिथं नंबर लागतो. "साक्ष देशील का?" विचारलं तर म्हणाला, "दीन की. त्यो माणूस व्हता म्हनून..." आणि पुन्हा डोळे पुसायला लागला. त्याची म्हातारी आई अंबूबाई पालासमोर बसून बघत होती. म्हणाली, "पावणं, च्या घ्या." मेंढीच्या दुधाचा चहा. प्यालो.

घरी येऊन शिवशरणला सांगितलं. पहिल्यांदाच उठून बसला. "अण्णा, त्याला इचारलंसा का मेंढीचं?"

"मेंढीचा इथं काय संबंध? तुझ्या जबानीत मी लिहिलंय: रस्त्याच्या डाव्या कडेनं सरळ सायकल चालवत होतो. तेवढं ध्यानात ठेव."

तो परत आडवा झाला.

९ जून १९९८, मंगळवार

आज सयाजीराव स्वतः दुकानात आला.

मी ओळखलं नाही. पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी, गालावर हसू. गोदामातला जुना दांडीकाटा एका हमालाकडून आत ठेवून घेतला आणि नाव सांगितलं.

"अण्णा, ह्यो काटा तेवढा नीट करा. खरं वजन दाखवाय पायजे. खोटं दाखवलं की माणसाचं वाटोळं हुतंय." मग दुकानाकडे सावकाश बघून म्हणाला, "एकटंच असतासा व्हय हितं?"

"हो."

"बरं हाय. भाऊ बरा हाय न्हवं? देवाची इच्छा."

गेला. काटा ठेवून गेला. मी त्याला कापड गुंडाळून मागच्या खोलीत ढकलला. वकीलबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "धमकी दिली का?" मी म्हटलं, नाही. "मग काय म्हणाला?" काटा नीट करा म्हणाला. त्या म्हणाल्या, "अण्णा, मग काटा नीट करा."

त्यांना कळत नाही. तो वाक्य कसं बोलला ते कागदावर येत नाही.

पिराजी मेंढरं घेऊन पावसाच्या आधी पूर्वेला, जतकडं गेला. दिवाळीपर्यंत कुठं असेल देव जाणे.

३ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

जेवण गेलं नाही.

पिराजी परत आलाय, आणि त्याची मेंढरं सयाजीरावच्या शेतात बसवली आहेत.

आपल्याकडची रीत अशी: पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावून मेंढरं रानात बसवतो. लेंडीखतानं रान पोसतं, धनगराला धान्य मिळतं. तशी ती कोणाच्याही रानात बसतात. पण नेमक्या सयाजीरावच्या? माझा एकमेव साक्षीदार त्याचंच धान्य खातोय. मला हे टायरवाल्यानं सांगितलं तेव्हा मी टायरच्या ढिगावरच बसलो.

वकीलबाईंनी अर्ज देऊन पिराजीची साक्ष सगळ्यांच्या आधी घ्यायची परवानगी मिळवली आहे, कारण तो पुन्हा पावसाआधी निघून जाणार. जानेवारीतली तारीख. आणि तोवर तो सयाजीरावच्या रानात.

परवा एक ट्रक दुकानासमोर बराच वेळ उभा होता. ड्रायव्हर माझ्याकडे बघत विडी ओढत होता. पोती उतरवून झाली तसा गेला, पण पोती उतरायला एवढा वेळ लागत नाही. मी फळ्या लावून आत बसलो. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं, मी ओ दिली नाही.

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

बंदोबस्त केला.

देवाधर्माच्या बाबतीत मी माझं मत कधी लपवलेलं नाही. गळ्यात लिंग आहे ते बापानं बांधलं म्हणून. पण धनगराला बिरोबाचा भंडारा उचलायला लावला, म्हणजे देवाची हळद मुठीत घेऊन शपथ घ्यायला लावली, की तो मरेल पण मोडणार नाही, हे या जिल्ह्यात पोराला विचारलं तरी सांगेल. निवडणुकीत पुढारी मतदाराला उचलायला लावतात, मग मी का नाही?

पिराजीच्या गावच्या बिरोबाच्या देवळात गेलो. पिराजीला म्हटलं, "भंडारा उचल." तो पांढरा पडला. "अण्णा, मी दीन म्हटलं न्हवं साक्ष? मेंढरं त्येंच्या रानात बसवली म्हनून काय माजं त्वांड बसवलं व्हय?"

"मग उचलायला काय जातंय?"

शब्द मी घरून ठरवून नेले होते. मोघम शपथ मला चालत नाही. पोलिसांनी धरलेल्या ट्रकचा नंबर त्याच्याकडून पाठ करून घेतला: चार, एक, एक, सात. मेंढरं मोजल्यासारखा बोटं मुडपून म्हणत होता. मग वाक्य: 'या नंबरच्या ट्रकनं डाव्या कडेनं सरळ चाललेल्या सायकलवाल्याला मागून ठोकलं. याहून कमी सांगणार नाही, याहून जास्त सांगणार नाही.' शेवटचा भाग घालताना माझं मलाच बरं वाटलं. सयाजीरावनं काही वेगळं बोलायला लावलं तरी आता तोंड उघडणार नाही.

पिराजीनं पिवळी मूठ भरली. "अण्णा, पर त्यो सरळ..."

"जसं सांगितलं तसं."

म्हणाला बिचारा. मुठीतून भंडारा सांडत होता. घाबरला होता. सयाजीरावची दहशतच तशी आहे.

वकीलबाईंना हे सांगितलेलं नाही. उगीच चिडायच्या.

१८ जानेवारी १९९९, सोमवार

लिहिता येत नाहीय. पण लिहितो.

पिराजी कोर्टात घोंगडं पांघरूनच आला. शपथ घेतली. वकीलबाईंनी प्रेमानं विचारलं, "काय पाहिलंत ते सांगा." तो पोपटासारखा माझं वाक्य बोलला, नंबरासकट. न्यायाधीश लिहून घेता घेता थांबले. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही.

मग विमा कंपनीचे वकील उठले. आवाज मुळीच चढवला नाही.

"लिहिता-वाचता येतं का?"

"न्हाई जी."

"मग नंबर कसा वाचला?"

"पाठ हाय."

"तुमच्या मेंढरांना नंबर असतात का?" लोक हसले. "नंबर कोणी शिकवला?"

पिराजी घोंगड्याची दशी ओढायला लागला.

"ट्रकचा रंग कसला होता?"

गप्प.

"रस्त्यावर आणखी कोण होतं? मेंढरं कुठं होती? तुम्ही कुठं उभे होता?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून न्यायाधीशांना म्हणाला, "सायब, त्येवढंच सांगायचं हाय. भंडारा उचललाय. ह्याहून कमी न्हाई, ह्याहून जास्त न्हाई."

"कोणी उचलायला लावला?"

"अण्णांनी."

आता कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "अण्णा कोण?" मी मागच्या बाकावर होतो. उभं राहायला पाहिजे होतं का, माहीत नाही. बसूनच राहिलो.

विमा कंपनीचे वकील म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही." आणि बसले.

व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "नंबर पंचनाम्यात होता, अण्णा. नंबर मला त्याच्याकडून नकोच होता. त्यानं काय पाहिलं ते हवं होतं, आणि नेमकं तेच तुम्ही कुलूप लावून बंद केलंत." थोड्या वेळानं: "तुम्ही काटे दुरुस्त करता ना? चालू काट्यात कोणी बोट घातलं तर काय म्हणता?"

सयाजीराव जिन्याजवळ उभा होता. मला हात जोडले. हसला नाही, हेच जास्त भयंकर वाटलं.

घरी गौरानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पुढची तारीख पडली." तीही बघत राहिली, वकीलबाईंसारखीच.

१९ जानेवारी १९९९

पातं खिशात आहे. माझा हात त्यावर आहे. शिवशरणसाठी नेतो की माझ्यासाठी, हे आज मला सांगता येत नाही.

२४ जानेवारी १९९९, रविवार

वकीलबाई साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज देणार आहेत. म्हणाल्या, "मिळेल कदाचित. पण तो बोलायला पाहिजे. ते तुम्ही बघा. कसं, मला सांगू नका, मला माहीत नको."

तळावर गेलो. सयाजीरावच्या रानात जायचं, म्हणजे पावलागणिक मागं बघत. पिराजी मेंढरांच्या मागं गेला होता. अंबूबाई पालाशी बसून लोकर पिंजत होती. यावेळी चहा विचारला नाही.

"आलासा? बसा. पोरगं माजं जेवंना झालंय. देवाला बांधलासा त्येला."

मी म्हटलं, तो शब्द मी मागं घेतो, मग झालं.

"मागं घेतो म्हनं! उधारी हाय व्हय? ज्यानं उचलाय लावला त्यानंच देवाम्होरं उचलायचा आन त्वांडानं सोडायचं. चार मान्सांत." आणि लोकरीवरून मान वर करून म्हणाली, "पर सोडून काय करणार? तुमाला सरळ चाललेला सायकलवाला पायजे. त्यो काय सायकलवर व्हता व्हय?"

मला समजेना.

"तुमच्या भावानं तुमाला काय सांगटलंच न्हाई? आमची गाभण मेंढी रस्त्यात बसली. कळा लागल्या. पिराजीला बाकीची आवरंनात. तुमचा भाऊ सायकल टाकून पळत आला, मेंढीला काखंत धरून वडाय लागला. मेंढी सुटली. त्यो ट्रकला गावला. उलट्या अंगानं आलता ट्रक, दुसऱ्या गाडीला मागं टाकाय. आमी त्येच्या भावाच्या पाया पडावं न्हाई तर काय करावं?"

कोकरं येऊन माझ्या धोतराचा सोगा चावून गेली.

म्हणजे तो रस्त्याच्या मधे उभा होता. हे पिराजी बोलला तर विमा कंपनी म्हणणार, चूक त्याचीच. कायदा मी वाचलाय. न बोलला तर ट्रकच सिद्ध होत नाही. दोन्हीकडून मरण आहे आणि दोन्ही पारड्यांत शिवशरणच बसलाय.

मूर्ख! मेंढीसाठी!

घरी आल्यावर त्याला एवढंच विचारलं, "मेंढी सुटली का, असं तू विचारलं होतंस. मी तुला गप पड म्हटलं."

"व्हय."

"सुटली. अंबूबाई म्हणाली."

तो हसला. वर्ष झालं, मी त्याला हसताना पाहिलेलं नव्हतं. "दोन झाली का एक?"

मी विचारलेलं नव्हतं.

३१ जानेवारी १९९९, रविवार

देऊळ. आठ-दहा माणसं, अंबूबाई, पिराजी. आणि खांबाशी सयाजीराव. त्याचंही गाव तेच, देवळात तो येणारच. त्याला बघून मी पायरीवरून परत फिरणार होतो. खोटं का लिहू, फिरलोच होतो. अंबूबाई मोठ्यानं म्हणाली, "पावणं, वाट तिकडं न्हाई."

काल रात्रभर वाक्य जुळवत होतो: काय सांगावं, काय सोडावं, 'रस्त्याच्या मधे' ऐवजी 'रस्त्याच्या बाजूला' म्हणता येईल का. एक कागदही खिशात होता. भंडाऱ्यात हात घातला. कोरडा, थंड. मी यातलं काही मानत नाही. पण हात पितळी वजनं पडली त्या दिवशीसारखाच हलत होता, आणि सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं. कागद काढायला दुसरा हात जाईना.

म्हटलं, "पिराजी, मी बांधलं ते सोडलं. पाहिलंस ते सांग."

"सगळं?"

"सगळं."

त्यानं खाली बसून भुईवर डोकं टेकवलं. मग माझ्या कपाळाला भंडारा लावला. डोळ्यात गेला, चुरचुरला.

सयाजीराव बाहेर चपला घालताना जवळ आला. मी पायरीचा दगड घट्ट धरला. म्हणाला, "अण्णा, पैसं कंपनी देणार, माजं काय जातंय? पर गाडीवर माज्या बहिणीचं पोरगं हुतं. नवीन लगीन झालेलं. त्येला जेल हुईल. म्हनून आलतो तुमच्याकडं. कसं बोलावं कळंना." मग चपलेत पाय सरकवत: "काटा झाला का हो?"

काटा मी अजून उघडलेलासुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी १९९९, सोमवार

अर्ज मंजूर झाला होता. पिराजी बोलला. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो, आत बसणं जमलं नाही, पण दार उघडं होतं.

मेंढी, कळा, सायकल टाकून पळत आलेला माणूस, उलट्या अंगानं आलेला ट्रक. सगळं सांगितलं. हरणही सांगितलं, गुडघ्यांसकट. वकीलबाईंनी पंचनाम्यातला ट्रकचा फोटो पुढं केला. न्यायाधीश फोटोकडे बराच वेळ बघत राहिले, मग कारकुनाला म्हणाले, "गुडघ्यांचं लिहा."

विमा कंपनीचे वकील उठले. "म्हणजे तो भर रस्त्यात उभा होता."

"व्हय जी."

"एका मेंढीसाठी?"

"एका न्हाई जी. गाभण व्हती."

आता तेच शिवशरणलाही विचारणार.

१९ एप्रिल १९९९, सोमवार

शिवशरणची साक्ष. कुबड्या घेऊन पिंजऱ्यात चढला. मी काही शिकवलं नाही. सकाळी फक्त दाढी करून दिली, त्याच पात्यानं. हनुवटीला जरा कापलं.

"अपघाताच्या वेळी तुम्ही सायकलवर होता का?"

त्यानं मागं वळून मला शोधलं. मी माझ्या हातांकडे बघत राहिलो. मान वर केली असती तर तो माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत बसला असता.

"न्हाई," तो म्हणाला. "सायकल टाकली हुती."

११ जुलै २०००, मंगळवार

निकाल.

ट्रक तोच, ड्रायव्हर उलट्या बाजूनं आला, हे न्यायाधीशांनी मानलं. साक्षीदार पहिल्या वेळी शिकवलेला होता, दुसऱ्या वेळी खरं बोलला, असंही लिहिलंय. माझं नाव न घालता. ते वाक्य वकीलबाईंनी मला दोनदा वाचून दाखवलं. विमा कंपनीनं भरपाई द्यायची. पण शिवशरण वाहत्या रस्त्यात गेला म्हणून त्यातला काही भाग त्याच्या चुकीपोटी वजा.

मला तो वजा झालेला भाग सोडवेना. घरी गौराला समजावून सांगत होतो की वर अपील करता येईल, कलम हे, निवाडा तो. ती भाकरी थापत होती. दीड वर्षात ती माझ्याशी सरळ बोललेली नव्हती.

"अण्णा, राहू दे की तेवढं," ती म्हणाली. "मेंढीचा वाटा गेला म्हणायचं."

शिवशरण आतून म्हणाला, "अण्णा, जयपूरचा पाय बसला की पिराजीच्या तळावर जाऊया. दोन झाली का एक, ते बघायचं ऱ्हायलंय."

कंपनी अपिलात जाईल अशी भीती आहे. दुकानासमोर हॉर्न वाजला की अजून दचकतो. उद्या सयाजीरावचा काटा काढून बघणार आहे. तोवर पिराजी मेंढरं घेऊन कुठं गेला असेल, ते रसवंतीवालीला विचारायला हवं.